अकबरीबींच्या शिवणीचा चेंडू

या मित्रांनो, जवळ या. दारात का उभे राहिलात? मागेही जागा आहे, पुढेही जागा आहे. कीर्तनाला बसतो तसे मांडी घालून, मोकळ्या मनाने बसा. मी तुम्हाला एका आईची, तिच्या मुलाची आणि कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातल्या एका जागेची गोष्ट सांगणार आहे. सांगता सांगता मी जरा इकडेतिकडे घरंगळलो तर रागावू नका. माझा स्वभावच तसा आहे.

मी एक जुना हॉकीचा चेंडू आहे. आज माझा रंग सांगता येत नाही, पण एके काळी मी पांढराशुभ्र होतो. मला फळीवर ठेवले तर मी कडेला येतो. पेटीत ठेवले तर पेटी हलली की या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटतो. जमीन बोटभर उतरती असली तरी मी निघालोच म्हणून समजा. देवाने कुणाला पाय दिले, कुणाला पंख दिले. मला त्याने नुसती घाई दिली.

माझ्या पोटात बूच आहे. पंजाबातल्या एका कारागिराने त्या बुचाभोवती ओला दोरा आवळून गुंडाळला, मला उन्हात वाळवले, लाकडी हातोडीने ठोकून ठोकून गोल केले आणि वर चामड्याच्या दोन वाट्या शिवल्या. आम्ही बारा भावंडे एका खोक्यात बसून, रेल्वेच्या पार्सलच्या डब्यातून सोलापूरला आलो. ते साल एकोणीसशे सत्तावीस होते.

सोलापूरच्या स्टेशनामागे रेल्वेच्या लोकांचे मैदान होते. मैदान म्हणजे काय, तर दाबून बसवलेला मुरूम. हॉकी हिरवळीवर खेळतात असे मी खोक्यात ऐकले होते. इथे हिरवळ फक्त बैलांच्या तोंडात दिसायची. पहिल्या टोल्याला मी असा उडालो की माझे मलाच भय वाटले. पण मित्रांनो, काय ते दिवस होते! सामन्याच्या आदल्या दिवशी मला सफेद्याचा हात मिळायचा. संघाचे कप्तान आण्णा म्हणजे इंजिनाच्या शेडमधले फिटर. ते मला धोतराच्या सोग्याला पुसून म्हणायचे, "चल बाबा, आज अब्रू राख." पुढल्या साली आपल्या देशाचे हॉकीवाले परदेशात जाऊन जिंकून आले. मग तर सोलापुरात गल्लोगल्ली पोरे बाभळीच्या वाकड्या फांद्या तोडून काठ्या करू लागली.

पण फार दिवस कोण गोरा राहतो? एका शनिवारी आण्णांनी मला असा हाणला की मी थेट हद्दीच्या दगडावर जाऊन आदळलो. माझी शिवण उसवली आणि आतल्या बुचाचा एक टवका उडाला. आण्णांनी मला उचलून पाहिले.

"आता ह्याचं काय लोणचं घालायचं?" असे म्हणून त्यांनी मला अवजारांच्या खोलीतल्या टोपलीत टाकले. फाटकी जाळी, मोडक्या काठ्या, वाळलेला सफेदा, आणि मी. माझ्यासारख्याला सहा महिने एका जागी! बाहेर संघ खेळायचा, टोल्याचे आवाज यायचे, आणि मी त्या टोपलीत कूस बदलायला तडफडायचो.

तिथून मला बाहेर काढले शेखलालने.

शेखलाल तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा होता. त्याचे वडील चांदसाब टांग्याच्या घोड्यांची खोगिरे आणि साज शिवायचे. ते वारल्यावर हे काम त्याची आई अकबरीबी करू लागली होती. टांगा अड्ड्याच्या मागे त्यांचे घर होते. आई शिवायची आणि शेखलाल तयार साज गिऱ्हाइकांना पोचवायचा. रविवारी तो रेल्वेच्या दुसऱ्या संघातून डाव्या कडेला खेळायचा. खेळाडू म्हणाल तर मधला. चांगलाही नाही, वाईटही नाही.

"आण्णा, तो फुटका चेंडू मी नेऊ?" त्याने विचारले.

"ने की. त्येच्यात काय सोनं हाय व्हय?"

अकबरीबींनी मला हातात घेतले तेव्हा घोड्याचा खूर तपासावा तसे उलटसुलट करून पाहिले. बुचाचा टवका उडाला होता तिथे त्यांनी मेणात भिजवलेली चामड्याची कातरण ठोकून भरली. मग शिवायला बसल्या. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. एकाच छिद्रातून एक सुई इकडून आणि दुसरी तिकडून. दर टाक्याला दोन्ही हात फाकवून आवळायचे. चामड्याच्या कडा बाहेर उभ्या राहिल्या आणि माझ्या अंगाभोवती बांधासारखी उंच शिवण आली. साजाची शिवण अशीच असते. ती उंच असते म्हणून घोड्याच्या कातडीला दोरा काचत नाही, आणि घोडा ओढून ओढून थकला तरी ती सुटत नाही. चांदसाबांच्या हाताची ही रीत. अकबरीबींना तिचा फार अभिमान होता.

"अब फूटके दिखा," त्या मला म्हणाल्या.

मी फुटलो नाही. पण मित्रांनो, मी बदललो. भरलेल्या बाजूला मी जड झालो होतो. सरळ निघालो तरी डावीकडे वळायचो. मध्येच त्या उंच शिवणीवर आलो की टुणकन उडायचो. आधीच मी चंचल, आता माझी चाल माझी मलाच कळेना.

ती कळली शेखलालला. टांगा अड्ड्याच्या मागच्या मोकळ्या जागेत तो रोज सकाळी अनवाणी माझ्यामागे धावायचा. शिवण कुठल्या अंगाला आहे ते तो मी येता येताच बघायचा. मी उडायच्या आधी त्याचे मनगट वळलेले असायचे. मी डावीकडे झुकतो हे धरून तो मला उजवीकडे सोडायचा, आणि मी कमान घेऊन बरोबर त्याने योजलेल्या जागी जायचो. टांगेवाले बिड्या ओढत बघत बसायचे. मला गर्व झाला, खोटे कशाला बोलू? टोपलीतल्या फुटक्या चेंडूला कुणी इतके ओळखावे!

एकोणतीस सालच्या हिवाळ्यात बातमी आली. कुर्डुवाडीच्या कारखान्याच्या संघात एक जागा रिकामी झाली होती. जो निवडला जाईल त्याला कारखान्यात कायमची नोकरी आणि संघात खेळायचे. सोलापुरातून एकच पोरगा घ्यायचा होता, आणि तो पारखायला त्या संघाचे जाणते मडिवाळप्पा, रेल्वेतले गार्ड, कुर्डुवाडीहून येणार होते.

शेखलालच्या घरी ही जागा म्हणजे नुसता खेळ नव्हता. मोटारी टांग्यांची गिऱ्हाइके पळवू लागल्या होत्या. साजाचे काम कमी होत चालले होते. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अकबरीबींना सुईचे छिद्र दिसेनासे झाले होते. दोरा ओवायला त्या आता शेखलालला हाक मारायच्या. ती हाक ऐकली की तो हातातले काम टाकून धावायचा.

मडिवाळप्पा मूळचे अक्कलकोटकडचे. कपाळावर भस्माचे पट्टे, एका पायाने किंचित लंगडे. एके काळी मैदानाच्या मधोमध खेळायचे. गुडघा मोडल्यावर खेळ सुटला, नजर राहिली. त्यांची पारखण्याची रीत न्यारी होती. कोटाच्या डाव्या खिशात मूठभर चिंचोके असत. एखाद्या खेळाडूने, चेंडू जवळ नसताना, शहाणपणाचे काही केले की एक चिंचोका त्या खेळाडूच्या नावाने उजव्या खिशात जाई. मागे सरून जागा मोकळी करणे, सोबत्याला हळी देणे, आधीच वळून उभे राहणे, असले काहीतरी.

"चेंडू असलेल्या पोराला सगळंच गाव बघतंय की," ते आण्णांना म्हणाले. "मी चेंडू नसलेल्याला बघतो."

सामना सुरू झाला. दहा मिनिटांत संघाचा शेवटचा धड चेंडू दगडावर फुटला. पंजाबातून मागवलेले नवे खोके अजून स्टेशनात आले नव्हते. आता काय करावे? शेखलालच्या पिशवीत मी होतो. त्याने कसलाही विचार न करता मला आणून दिले.

आणि मग जे झाले ते काय सांगू! ज्ञानू म्हणून एका फिटरचा मुलगा होता. उंच, चपळ, सोलापुरातला सगळ्यांत भरवशाचा. तो मला अडवायला गेला आणि मी त्याच्या काठीवरून उडालो. पुन्हा आला, मी वळसा घालून गेलो. बिचारा काठी उलटीपालटी करून बघू लागला. इतरांचीही तीच गत. फक्त शेखलालच्या काठीला मी चिकटून राहायचो. तो तिघांच्या मधून मला घेऊन गेला. एकदा गेला, दोनदा गेला, चारदा गेला. लोक कुंपणावर चढले. मडिवाळप्पांचा हात खिशात गेला तो तिथेच राहिला. आयुष्यभराची रीत विसरून तेसुद्धा चेंडूकडेच बघत राहिले.

"अय्यो शिवा!" ते म्हणाले. "आण्णा, हा हिरा लपवून ठेवला व्हतास काय?"

आण्णा मिशीवरून हात फिरवत राहिले. "अप्पा, खरं सांगू? रोज ह्याला असलं काय बी जमत न्हाय. आज कोणता देव अंगात आला, कळंना."

"आला तर आला. उद्या साडेदहाच्या गाडीच्या आधी नाव लिवतो."

शेखलाल घरी आला तो पळतच. मी त्याच्या मुठीत होतो. त्याने सगळे एका दमात सांगितले. तिघांमधून कसा गेला, ज्ञानू कसा चुकला, अप्पा काय म्हणाले. अकबरीबी हातातला पट्टा खाली ठेवून ऐकत होत्या. त्यांचे तोंड आनंदाने फुलले होते. मग त्यांनी सहज विचारले, "गेंद कौन सा था?"

"अपनाच."

अकबरीबींचे हसू थांबले. त्यांनी हात पुढे केला. शेखलालने मला त्यांच्या तळव्यावर ठेवले. त्यांचा अंगठा त्या उंच शिवणीवरून एकदा गोल फिरला.

"फिर उनो तुझे नै देखे रे," त्या हळूच म्हणाल्या. "मेरी सिलाई देखे."

"अम्मा, चुप बैठ ना! खेला तो मैं ना? सिलाई खेली क्या?"

"ज्ञानू का चुकला मग?"

शेखलालने मला उचलले आणि तो बाहेर पडला. मित्रांनो, त्या संध्याकाळी मी जेवढा हिंडलो तेवढा उभ्या जन्मात हिंडलो नसेन. टांगा अड्डा, मग बाजार, मग तळ्याचा काठ, पुन्हा बाजार. चालता चालता तो मला वर उडवायचा आणि झेलायचा. एकदा तर त्याने मला तळ्यात फेकायला हात मागे नेला. मी गेलो असतो तर कुणाला काही कळले नसते. नाव लिहिले गेले असते, जागा मिळाली असती, आईच्या डोळ्यांना विसावा मिळाला असता. हात तसाच मागे राहिला आणि मग खाली आला.

मडिवाळप्पा बाळीवेशीकडच्या एका देवळात कीर्तनाला गेलेत, असे त्याला आण्णांच्या घरी कळले. दिवे लागले होते. शेखलाल बाहेर, चपलांपाशी पायरीवर बसला. आत बुवांनी ध्रुवाचे आख्यान लावले होते. पेटीचा सूर भरला होता, झांज किणकिणत होती. तबल्यावर मात्र कुणी नवखा बसला होता, कारण नेहमीचा तबलजी तापाने निजला होता. बुवांनी मध्येच पदाची लय चढवली आणि नवखा गडबडला. थाप एकीकडे, पद दुसरीकडे. बायका पदराआड हसल्या. बुवा मात्र रागावले नाहीत. तीच ओळ त्यांनी पुन्हा घेतली, पुन्हा चढवली. दुसऱ्या खेपेला नवखा थोडा सावरला. तिसऱ्या खेपेला बुवांनी नुसती मान हलवली आणि तबला त्यांच्या बरोबरीने धावू लागला. पुढच्या रांगेत मडिवाळप्पांनी मांडीवर थाप मारली, "वा!"

मग ध्रुवाला सावत्र आईने राजाच्या मांडीवरून ओढून खाली उतरवले. सगळे देऊळ हळहळले. बाहेर पायरीवर शेखलालची माझ्यावरची मूठ आवळत गेली. पाच वर्षांचे ते लेकरू जागेसाठी रानात जाते, पण खोटे बोलून कुणाच्या मांडीवर चढत नाही. बुवा सांगत होते सगळ्यांना, पण मला वाटते ते शेखलाललाच सांगत होते. देवाचे नाव असेच असते मित्रांनो. आत बसलेल्यापेक्षा कधी कधी चपलांपाशी बसलेल्याला आधी ऐकू जाते.

आरती झाली. मडिवाळप्पा बुक्का लावून बाहेर आले.

"अरे, हिरा हितं बसलाय की! आत का न्हाई आलास?"

"अप्पा, आज मी खेळलो तो चेंडू माझ्या आईनं शिवलाय," शेखलाल एका श्वासात म्हणाला. "तो एका अंगाला जड हाय. शिवण उंच हाय. मला त्याची सवय हाय, म्हणून जमलं. ज्ञानूला न्हवती."

मडिवाळप्पांनी मला घेतले आणि देवळाच्या फरशीवर सरळ सोडले. मी चार हात सरळ गेलो, डावीकडे वळलो, टुणकन उडालो आणि खांबावर आपटलो. ते बघतच राहिले. मग असे हसले, असे हसले, की पुजारी आतून डोकावले.

"अय्यो! मी दिवसभर एका बाईच्या सुईची परीक्षा घेतली काय की! एवढी वर्सं चिंचोके मोजतोय, आणि आज चेंडूनं मला बैल बनवला." मग एकदम गंभीर झाले. "कोण म्हणालं तुला सांगायला?"

"आई."

"हं." त्यांनी मला त्याच्या हातात परत दिले. "सकाळी सातला मैदानावर ये. नवे चेंडू पार्सलात आलेत म्हणं. ज्ञानूला बी बोलावतो."

सकाळी थंडी होती. मी कुंपणापाशी पिशवीवर पडून बघत होतो. बघण्याशिवाय मला करण्यासारखे काही नव्हते आणि तेच मला सोसत नव्हते. मडिवाळप्पांनी स्वतः काठी घेतली. प्रत्येकाला वीस टोले मारायचे आणि प्रत्येक टोला त्याने अडवून, वळवून, ठरलेल्या खुणेकडे धाडायचा. आधी ज्ञानू. पहिल्या दहांत आठ, दुसऱ्या दहांतही आठ. मग शेखलाल.

पहिला नवा चेंडू सरळ आला. शेखलालचे मनगट माझ्या सवयीने वळले आणि चेंडू त्याच्या काठीशेजारून निघून गेला. दुसराही गेला, तिसराही गेला. आण्णा म्हणाले, "काल हिरा, आज गारगोटी!" दोघेचौघे हसले. दहांत त्याने तीन अडवले. मित्रांनो, तो चुकत नव्हता, मी चुकत होतो. त्याच्या मनगटात मी बसलो होतो.

मडिवाळप्पा थांबले नाहीत. पुढचे दहा मारले. अकरावा गेला. बारावा काठीला लागून उडाला. तेराव्यापासून शेखलालने काठी जरा उशिरा वळवायला सुरुवात केली. तेरावा थांबला. चौदावा थांबला. पंधरावा पुन्हा निसटला. त्यानंतर एकही गेला नाही.

"दहांत सात," आण्णा म्हणाले. "सगळे मिळून दहा. ज्ञानूचे सोळा. हिशोब सरळ हाय, अप्पा."

मडिवाळप्पांनी काठी कुंपणाला टेकवून ठेवली. मग शेखलालपाशी आले.

"हे बघ पोरा. ज्ञानूचे आठाचे आठच राहिले. तुझे तिनाचे सात झाले, ते बी अर्ध्या घटकेत. कालचा तो तबलजी बघितलास नव्हं? तसं. हे मी इसरत न्हाई. पण मला पंधरा दिवसांनी सामना हाय. मला आज तयार हात पायजेत. ज्ञानूला नेतो."

शेखलालने मान हलवली.

"तुझे हात एका चेंडूचे झालेत. ते मोड. पुढच्या हिवाळ्यात मी येतो. जागा असंल की नसंल, त्याचा शब्द देत न्हाई. येतो म्हणतो, एवढंच."

साडेदहाच्या गाडीने मडिवाळप्पा गेले. त्यांच्या डब्यात ज्ञानूची वळकटी होती.

घरी शेखलाल उंबऱ्यावरच बसला. त्याने मला कोपऱ्यात भिरकावले. मी भिंतीवर आपटून, वळसा घेऊन अकबरीबींच्या पायाशी जाऊन थांबलो. "ज्ञानूला घेतलं," तो म्हणाला. अप्पा काय म्हणाले तेही त्याने सांगितले. अकबरीबी हातातल्या पट्ट्याचे टाके पुरे करत होत्या. ते पुरे केले, दोरा तोडला. मग मला मांडीवर घेतले आणि चामडे कापायची रापी उचलली.

"अम्मा, मत काट," शेखलाल उठून उभा राहिला. "अब्बाची सिलाई हाय ती."

"घोड्याला चालते ती सिलाई तुला नै चालत," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पहिला टाका कापला.

मला दुखले का, असे विचाराल. दुखले. पण त्यांच्याकडे बघून मी ते सांगू शकत नाही. टाका न टाका त्यांनी स्वतः आवळलेला होता. त्या एकेक कापत होत्या आणि कापलेला दोरा बाजूला नीट गोळा करून ठेवत होत्या. आतली मेणाची कातरण त्यांनी खरवडून काढली. औषधाच्या बाटलीचे बूच तासून त्या खड्ड्यात बसवले. पितळी परातीत मला फिरवले. वळलो की पुन्हा तासायच्या. मी सरळ फिरेपर्यंत त्यांनी तीन बुचे वाया घालवली. मग आतल्या अंगाने, सपाट, दोरा चामड्यात बुडवून शिवायला बसल्या. साजवाले या शिवणीला कच्ची म्हणतात. अकबरीबींनी जन्मात अशी शिवण घातली नव्हती. दिसत तर नव्हतेच. दोनदा शिवली आणि दोनदा उसवली. आठव्या दिवशी त्यांनी मला जमिनीवर सोडले आणि मी दारापर्यंत सरळ गेलो. फुटल्या दिवसानंतर पहिल्यांदा!

शेखलालला मी आवडेनासा झालो. आता मी त्याचा कुणी लागत नव्हतो. दुसऱ्या कुठल्याही चेंडूसारखा साधा चेंडू. त्याच्या हातांना सगळे पुन्हा शिकायचे होते. पण अकबरीबींनी केलेले बघून त्याला बसवेना. रोज सकाळी तो माझ्याबरोबर खेळायचा आणि रविवारी संघाच्या नव्या, जुन्या, झिजलेल्या, सगळ्या चेंडूंनी खेळायचा. फौजेतल्या एका शिपायाकडून एक चेंडू मागून आणला, शाळेतल्या मास्तरांकडून एक आणला. "मला अनोळखी चेंडू द्या," असे म्हणत तो गावभर फिरायचा. आण्णा त्याची थट्टा करायचे, "ह्येला चेंडवाचा जोगवा मागायचं याड लागलंय!" आणि त्याच आण्णांनी पावसाळ्यात अवजारांच्या खोलीची किल्ली गुपचूप त्याच्या हातात ठेवली.

ते वर्ष फार हळू गेले. कुर्डुवाडीहून पत्र नाही, निरोप नाही. जागा आहे की नाही, कुणाला ठाऊक नाही. अकबरीबी आता शिवत नव्हत्या. डोळ्यांवर सायीसारखे काही आले होते. शेखलाल हमालीही करायचा आणि आईचा स्वयंपाकही.

हिवाळा लागला आणि मडिवाळप्पा आले. एक जागा होती. या खेपेला सहा मुले होती, त्यांत दोन बार्शीची. सामना झाला. मडिवाळप्पांनी एकदाही चेंडूकडे पाहिले नाही. मग वीस टोले झाले. शेखलालने अठरा अडवले. मग मडिवाळप्पांनी कोटातून एक जुनापुराणा, चपटा झालेला चेंडू काढला. शेखलालने तो कधी पाहिलाही नव्हता. त्याचे दहा मारले. पहिले दोन गेले, उरलेले आठ थांबले. अप्पांनी उजव्या खिशातले चिंचोके मोजलेच नाहीत, त्याची गरजच उरली नव्हती.

"लिव रे आण्णा, शेखलाल चांदसाब."

आण्णा लिहिता लिहिता म्हणाले, "जा बाबा. तितं जाऊन आमालाच हरवू नको म्हंजे झालं."

जायच्या दिवशी शेखलाल मला वळकटीत बांधत होता. अकबरीबींनी हात पुढे केला. "वहां नवे मिळतील. ये मेरे पास रहने दे." त्याने मला त्यांच्या ओंजळीत ठेवले आणि पायांना हात लावला. "घर मिळालं की न्यायला येतो, अम्मा." टांगा निघाला. घुंगरांचा आवाज स्टेशनाकडे वळेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या.

मग उंबऱ्यावर बसल्या. मी त्यांच्या हातातून निसटायला बघत होतो, त्या मला पुन्हा पुन्हा धरत होत्या. त्यांचा अंगठा माझ्या अंगावर काहीतरी शोधत होता. एकदा फिरला, दोनदा फिरला. मला उलटे केले, गालाला लावले, पुन्हा फिरवले.

"किदर गई मेरी सिलाई?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मिलती नै."

आणि त्या हसल्या, मित्रांनो. बराच वेळ हसत होत्या.

तुमच्याकडे एखादा जुना चेंडू असेल, काठी असेल, कुणी शिवून दिलेले दप्तर असेल, तर ते फेकून देऊ नका. त्याला तेलपाण्याचा हात लावा. आणि कुठे मैदानावर एखादा चेंडू सरळ धावताना दिसला, त्याची शिवण शोधूनही सापडली नाही, तर माझ्यासाठी एवढेच करा. क्षणभर थांबा आणि अकबरीबींची आठवण काढा.